खोलीचं तापमान

निवृत्त झाल्यावर लोक फार विचारतात, "तुम्ही नेमकं काय केलंत हो आयुष्यभर?" मी सांगते, मोजलं. ऐकणाऱ्याला वाटतं बाई विनयानं बोलताहेत. तसं काही नाही. नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी एका लाकडी स्टुलावर बसून मी वीसेक वर्षं माणसांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या. एका नमुन्यात दोनशे. मध्येच चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. कुणी बोलायला आलं की मी डोळा सूक्ष्मदर्शकावरून न काढता डावा हात वर करायची. त्याचा अर्थ 'थांबा' असा होता. नव्या लोकांना तो 'या, बसा' असा वाटायचा आणि मग माझा पारा चढायचा. माझ्या रागाला विभागात सगळे वचकून असत, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

काम समजायला अवघड नाही. रक्तात लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगाशी लढायचं काम त्यांचं. त्यांच्यातल्या एका जातीची गंमत अशी, की तिला मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी येऊन चिकटतात. का चिकटतात हे त्या काळी धड कुणालाच ठाऊक नव्हतं, पण चिकटतात एवढं खरं. मधोमध एक पांढरी पेशी आणि भोवती तांबड्यांचं कडं. आम्ही त्याला 'फूल' म्हणायचो. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, मेंढीच्या पेशींत मिसळायच्या, नळी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काचेवर थेंब घेऊन दोनशेत किती फुलं ते बघायचं. जितकी फुलं जास्त, तितकी त्या माणसाची शिबंदी, म्हणजे लढणारी फौज, मोठी.

मेंढी आमची स्वतःची होती. माझ्या आत्याचं सासर खाप्याचं. तिच्या ओळखीच्या एका मेंढपाळाकडून ती घेतली आणि कन्हानच्या पुलावरून टेम्पोत बसवून आणली. प्राणिगृहाच्या मागे तिच्यासाठी कडुनिंबाखाली गोठा केला होता. आठवड्याला एकदा तिच्या मानेतून थोडं रक्त काढायचं आणि नंतर तिला चण्याची डाळ खायला द्यायची. सुई टोचताना ती माझ्याकडे असं बघायची, की आपण उगाच शास्त्रज्ञ झालो असं वाटावं. डाळ दिसली की सगळं विसरायची.

मी शास्त्रज्ञ झाले ते बाबांच्या हट्टामुळे. बाबा कापडगिरणीत विणाई खात्यात होते. आम्ही उत्तर नागपुरात दोन खोल्यांत राहायचो. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवसापासून घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात माझी पुस्तकं आली. बाबांना माझ्या विषयातलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. मोहल्ल्यात कुणी विचारलं, की पोरगी काय करते, तर ते म्हणत, "रक्ताचं काम करते." त्यावरून निम्म्या मोहल्ल्याला मी रक्तपेढीत आहे असं वाटायचं आणि उरलेल्या निम्म्याला खाटकाकडे.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर माझा प्रबंध चालू होता, कुष्ठरोगावर. हा रोग एकाच्या अंगावर दोन चट्टे उठवून थांबतो आणि दुसऱ्याच्या अंगभर पसरतो, असं का? ज्याच्या अंगभर पसरतो त्याच्याकडे लढणाऱ्या पेशीच कमी असतील का? माझ्या मार्गदर्शक सरांचा हा आवडता प्रश्न होता. सर धरमपेठेतले, विलायतेत शिकून आलेले, स्वच्छ पांढरा बुशशर्ट, पायात सँडल. मला ते मुलीसारखं वागवत, म्हणजे ओरडत आणि मग चहा पाजत. त्यांना या प्रश्नाचं उत्तर आपल्या निवृत्तीआधी हवं होतं.

आणि उत्तर मिळालं. चार वर्षं मी मोजत होते आणि चारही वर्षं एकच गोष्ट दिसत होती: निरोगी माणसांत भरपूर फुलं, रुग्णांत अगदी थोडी. फरक एवढा ठळक, की आकडेमोड करायच्या आधीच डोळ्यांना दिसावा. सर तर वहीची पानं उलटताना गुणगुणायला लागायचे.

आता इथं आमच्या कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं, आणि आमच्यापैकी एकालाही ते दिसत नव्हतं. माझे निरोगी नमुने म्हणजे कॉलेजातले विद्यार्थी आणि शिकाऊ नर्सेस. एक कप चहा आणि एक संत्रं यांच्या बदल्यात ते खुशीनं दंड पुढे करायचे. पण उन्हाळ्यात परीक्षा होऊन सगळे आपापल्या गावी पळायचे. म्हणून हे नमुने सारे थंडीतले. रुग्ण यायचे ते खेड्यांतून, बहुतेक शेतमजूर. थंडीत कापसाची वेचणी असते. हातची मजुरी सोडून दवाखान्यात कोण येईल? ते यायचे चैत्र-वैशाखात, शेतं रिकामी झाल्यावर. म्हणून रुग्णांचे नमुने उन्हाळ्यातले. हे इतकं स्वाभाविक होतं, की त्याकडे बघावं असं कुणाला सुचलंच नाही.

त्यात आमची खोली. पंखा लावला तर काचेवरचा थेंब सुकायचा, म्हणून पंखा बंद. कूलर लावला तर त्याच्या ओलीनं भिंगांवर बुरशी धरायची, म्हणून कूलर फक्त सरांच्या खोलीत. नागपूरचा मे महिना कसा असतो ते मी नागपूरकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून पटत नाही. माझ्या कोपरावरून घाम वहीवर टपकायचा आणि शाई फुटायची. पण परदेशी पुस्तकात कृती लिहिली होती, 'थेंब खोलीच्या तापमानाला तपासावा', आणि मी रोज वहीत इमानदारीनं लिहायची, 'खोलीच्या तापमानाला तपासला.'

प्रबंध टंकून तयार झाला. फक्त एक फोटो राहिला होता. सरांची इच्छा अशी, की एकाच दिवशी केलेल्या दोन नमुन्यांचे फोटो शेजारीशेजारी छापावेत: एक निरोगी माणसाचा, फुलांनी भरलेला, आणि एक रुग्णाचा, उजाड. फोटोवाला मे महिन्यातच मोकळा होता. रुग्णाचा नमुना तयार होता. निरोगी माणूस मात्र मिळेना. जी नर्स येते म्हणाली होती ती आलीच नाही.

तेवढ्यात बाबा आले. ते नुकतेच गिरणीतून निवृत्त झाले होते आणि दुपारी सायकलवर मला डबा आणून द्यायचे. कानाला दुपट्टा बांधलेला, उन्हाचा उतारा म्हणून खिशात कांदा. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काहून वं, तोंड पाडून बसली?"

मी सांगितलं.

"मंग माहं घे ना. माह्या आंगात रक्त नाही का?" त्यांनी बाही वर केली. "मेंढीच्या रक्तात मिसळतं म्हणे. पाहाय बरं, उद्या मी बें करीन."

दुसऱ्या दिवशी फोटोवाला कॅमेरा घेऊन उभा होता आणि मी बाबांचा थेंब बघत होते. फुलं नव्हती. म्हणजे होती, पण तुरळक, रुग्णाच्या शेजारी ठेवली तर कुणाची कुठली ते ओळखू येऊ नये इतकी. मी पुन्हा मोजलं. दुसरा थेंब घेतला. प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा खालीच. फोटोवाल्याला मी सांगितलं, आज दिव्यात काहीतरी बिघाड आहे, नंतर या. सरांना काहीच सांगितलं नाही. शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून बाबांचं पुन्हा रक्त घेतलं. शनिवारी मोजलं. तेच.

आता मी पुरती अडकले. माझं काम खरं असेल तर बाबा आजारी होते, आणि बाबा ठणठणीत असतील तर माझी चार वर्षं खोटी होती. तिसरा रस्ता दिसत नव्हता. मी माझ्या कामावर इतकी विसंबून होते, की शंका घेतली ती बाबांवर. आणि एक गोष्ट आज इतक्या वर्षांनी लिहूनच टाकते. माझ्या मनाचा एक बारीकसा कोपरा म्हणत होता, बाबांना असेल तर बरं, गोळ्या देऊ, बरे होतील, प्रबंध तरी वाचेल. त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी सकाळी बाबा अंगणात उघड्या अंगानं आंघोळीला बसले होते. त्यांच्या पाठीवर खांद्याच्या खाली एक फिकट डाग दिसला. उन्हाळ्यात घामानं असे शिब्याचे डाग निम्म्या गावाला उठतात. एरवी मी ढुंकून पाहिलं नसतं. पण त्या दिवशी मी आतून टाचणी घेऊन आले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर टोचलं तर कळत नाही, ही पहिली परीक्षा.

"बाबा, पाठीवर लय घामोळ्या झाल्या. फोडून देऊ का?"

"दे."

मी त्या डागावर टाचणी टोचली. बाबा हलले नाहीत. पुन्हा टोचली, जरा जोरात. बाबा समोर कण्हेरीकडे बघत शांत बसलेले. आणखी खोल टोचली, रक्ताचा बारीक ठिपका आला, तरी त्यांचा खांदा हलला नाही.  मी टाचणी फेकली आणि आत जाऊन चहा ठेवला.

चहा झाल्यावर कपबश्या उचलल्या. माझा हात बाबांचा कप बाकीच्या कपांपासून वेगळा ठेवायला गेला. ठेवलाच मी तो वेगळा, मोरीच्या कडेला. मग त्याच्याकडे बघत उभी राहिले. बाबा लहान होते तेव्हा त्यांच्या गावात त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. भांड्याला हात लागू द्यायचे नाहीत. हे बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, आणि तेही मी फार मागे लागल्यावर. आणि मी त्यांची मुलगी, हा रोग सहसा असा पसरत नाही हे गावोगाव व्याख्यानं देऊन सांगणारी, त्यांचा कप वेगळा काढत होते. तो कप बाकीच्यांत टाकला आणि तिथंच भिंतीला टेकून मी रडायला लागले.

बाबा ओलं धोतर पिळत दारात आले. "काहून रडून राहिली वं?"

"बाबा, तुमचं रक्त बराबर नाही आलं."

"बराबर नाही म्हंजे?"

"पेशंटावानी आलं."

बाबांनी धोतर दोरीवर टाकलं, नीट पसरलं, दोन्ही टोकं सारखी केली. मग म्हणाले, "ज्याइच्यावर तू काम करतं, त्या पेशंटावानी?"

मी मान हलवली.

"मंग? झालं असन तं झालं असन. साऱ्या मोहल्ल्याले तूच सांगतं ना, दवाई हाय म्हणून? मले का येगळी दवाई लागन?"

"पण तुमाले टाचणी टोचली तं समजलंसुद्धा नाही!"

"कोण म्हणते?" बाबा एकदम उखडले. "तीनदा टोचलं तू. तिसऱ्या बारीले तं जीवच गेला माहा."

"मंग हालले काहून नाही?"

"तू काम करून राहिली होती ना. काम करणाऱ्याले मधात हालवू नाही."

मी हसायला लागले. हसता हसता पुन्हा रडायला लागले, पण ते रडणं निराळं होतं. आई चुलीपुढून ओरडली, की बापलेकींना सकाळी सकाळी काय झालंय. बाबांनी मला ओट्यावर बसवलं, पाण्याचा गडवा दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आता सांग, तुहं हे काम असते कसं?"

मी सगळं सांगितलं. मेंढी, नळी, फ्रिज, थेंब, दोनशे पेशी. बाबा बारकाईनं ऐकत होते. फुलं म्हणजे काय ते त्यांनी दोनदा समजून घेतलं. तांबड्या पेशी पांढरीला किती घट्ट चिकटतात, असं विचारलं. मी म्हटलं, फार घट्ट नाही, नळी जोरात हलवली तरी सुटतात.

"आन् मोजतं तवा खोलीत गरमी किती असते?"

"खोलीची जेवढी असते तेवढी. पुस्तकातच तसं लिहेल हाय."

"ते तं झालं. पण किती?"

"ते नाही मोजलं कधी."

"थर्मामीटर नाही तुमच्याकडं?"

थर्मामीटर आमच्याकडे डझनभर होते. गरम पाण्याच्या भांड्यात एक, फ्रिजमध्ये एक, उबवणीच्या कपाटात दोन. भिंतीवर एकही नव्हता.

बाबांनी कपाळाला हात लावला. "आमच्या विणाई खात्यात भिंतीभिंतीवर थर्मामीटर राहे. मे महिन्यात सूत पटापटा तुटाले लागलं, तं जॉबर, म्हंजे आमचा मुकादम, कापसाले शिव्या नव्हता देत. आधी भित पाहे. हवा सुकली, गरमी वाढली, का चांगलं सूतबी तुटते. तुही ती फुलं सुतापरीस नाजूक दिसतात मले."

मी ओट्यावरून उठले ते तशीच चप्पल घालायला धावले. बाबा म्हणाले, जेवून जा. मी म्हटलं, तुम्हीपण चला.

रविवारची दुपार, कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. मी पाण्याच्या भांड्यातला थर्मामीटर काढून पुसला आणि माझ्या स्टुलाशेजारी खिळ्याला टांगला. आईनं बांधून दिलेला डबा उघडेपर्यंत पारा चाळिशी ओलांडून वर गेला होता. चौकीदाराकडून सरांच्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि तिथला कूलर चालू केला. सूक्ष्मदर्शक बाबांनी उचलला, दुपट्ट्यात गुंडाळून, तान्ह्या पोराला न्यावं तसा. सरांच्या खोलीत गारवा झाला तेव्हा फ्रिजमधून बाबांची शुक्रवारची नळी काढली, हलक्या हातानं फिरवली आणि थेंब काचेवर घेतला.

फुलंच फुलं होती. जिकडे बघावं तिकडे. मी डावा हात वर केला आणि मोजायला लागले. बाबांना त्या हाताचा अर्थ बरोबर कळला. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि दोनशे होईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

मग त्यांना दाखवलं. त्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या, मग पेशी. "हे माहं हाय?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर तीच काच आणि तोच सूक्ष्मदर्शक घेऊन आम्ही माझ्या खोलीत परत आलो. मी एका फुलावर नजर लावून बसले. थोडा वेळ काही झालं नाही. मग त्याच्या कडेची एक तांबडी पेशी सुटली आणि वाहून गेली. मग दुसरी. मग दोन एकदम. बघता बघता मधली पेशी एकटी उरली, आणि मला जर ती आताच दिसली असती तर मी वहीत लिहिलं असतं, फूल नाही.

बाबा ठणठणीत होते. त्या आनंदात मी दहाएक मिनिटं नुसती बसून राहिले. मग सावकाश दुसरी बाजू ध्यानात आली. चार वर्षं मी कुष्ठरोग मोजला नव्हता, मे महिना मोजला होता.

संध्याकाळी सायकल काढून धरमपेठेत सरांच्या घरी गेले. सर गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते, अंगात बनियन. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सरांनी दोनच प्रश्न विचारले.

"रुग्णांपैकी उन्हाळ्यातले किती?"

"जवळजवळ सगळेच, सर."

"आणि निरोगी?"

"सगळे थंडीतले."

सर उठून कठड्याशी गेले.  मी मनाशी ठरवून आले होते, की ते जे म्हणतील ते ऐकायचं, पण प्रबंध आहे तसाच द्यायला सांगितला तर ऐकायचं नाही. ते वळले आणि म्हणाले, "हे तुझ्याखेरीज आणखी कुणाला माहीत आहे?"

 "माझ्या बाबांना."

सर मोठ्यानं हसले. "मग संपलंच! तुझ्या बाबांना तोंड दाखवायचं तर आता सगळं पुन्हाच करायला हवं." हसणं ओसरल्यावर खुर्चीत बसले, चष्मा काढून डोळे चोळले. "खोलीचं तापमान हे मीच शिकवलं तुला. मी शिकलो तिथं आम्ही खोलीत कोट घालून बसायचो गं. मला एकदाही सुचलं नाही. तू चुकलीस त्याच्या दुप्पट मी चुकलो." मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. सर एवढे ओरडणारे, पण त्या दिवशी आवाज चढला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

प्रबंध परत घेतला. पुढची दोन वर्षं मी तेच काम नव्यानं केलं, आणि मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीतली ती सर्वांत सुखाची वर्षं. बाबांनी इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडून दुहेरी भिंतीची पत्र्याची पेटी करून घेतली. मधल्या पोकळीत बर्फ भरायचा आणि पेटीत सूक्ष्मदर्शक बसवायचा. पेटी हातगाडीवरून आली तेव्हा बाबा गाडीच्या पुढे चालत होते, वरातीत चालावं तसे. बर्फ त्याच इतवारीतून भुशात गुंडाळून यायचा. उन्हाळ्यात निरोगी माणसं मिळत नाहीत ही अडचण बाबांनी एका सकाळीत सोडवली. गिरणीतून निवृत्त झालेले त्यांचे दहाबारा सोबती आमच्या व्हरांड्यात बाकावर ओळीनं बसले, प्रत्येकाचा दंड उघडा, आणि आपापसात कुणाचं रक्त जास्त तांबडं यावर भांडण. आणि थंडीत रुग्ण मिळत नाहीत, तर मी बस पकडून खाप्याच्या पलीकडच्या गावांत जायची, वेचणी चालू असलेल्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून नमुने घ्यायची आणि थर्मासमधून घेऊन यायची. आत्या सोबत भाकरी बांधून द्यायची. शिवाय एक नियम केला: प्रत्येक खेपेला, उन्हाळा असो की हिवाळा, बाबांचा नमुना सोबत असलाच पाहिजे. बाबांचा आकडा बरोबर आला तरच त्या दिवसाचं काम खरं. नाही आला तर त्या दिवसाचं सगळं फेकून द्यायचं. मेंढी आणि बाबा, दोघंही आठवड्याला हजर. मेंढीला डाळ, बाबांना चहा. बाबांच्या पाठोपाठ एकदा सरांनीही बाही वर केली. म्हणाले, मलाही मोजा, मीही बघतो किती शिबंदी उरली आहे.

निकाल आला तो आधीच्या मानानं अगदी किरकोळ. फरक होता, पण इवलासा, आणि तोही फक्त आजार अंगभर पसरलेल्यांत. बाकीच्यांच्या पेशी आपल्यासारख्याच. तो फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता. आकडेमोड करून, तपासून, पुन्हा तपासून मग हाती लागणारा होता. सरांना तो निवृत्तीच्या आधी बघायला मिळाला. आधीच्या मोठ्या फरकानं मला जो ताठा दिला होता, तो या छोट्यानं दिला नाही, पण हा खरा होता आणि मला पुरला. पुढे मी बरीच वर्षं त्याच वाटेवर काम केलं. दुसऱ्यांनीही केलं, माझ्यापेक्षा चांगलं. त्याची मला कधी असूया वाटली नाही. जरा वाटली, पण फार नाही.

तो लेख छापून आला त्या संध्याकाळी मी अंक घेऊन घरी गेले. बाबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी अंक हातात घेतला, चारपाच पानं उलटली, माझं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, "माहं कोठं हाय?"

"रक्त देणाऱ्याचं नाव नाही देत, बाबा. पण तुमी हाय याच्यात."

"वाच."

मी ते वाक्य काढलं आणि मराठीत करून वाचलं. प्रत्येक वेळी एका निरोगी पुरुषाचा, वय बासष्ट, नमुना सोबत तपासला, आणि बाकी सर्व नमुने त्याच्याशी ताडून पाहिले.

 "म्हंजे बाकीच्याइले माह्यासंगं मोजलं?"

"हो."

"कॉलेजातल्या पोराइलेबी?"

"हो."

"आन् तुह्या सराइले?"

"सराइलेबी, बाबा. तुमच्यासंगंच."

बाबांनी अंक माझ्या हातातून घेतला, मांडीवर सरळ ठेवला, त्या पानावरून तळहात फिरवला आणि अंक पुन्हा माझ्याकडे दिला.

"आणखी एक बार वाच," ते म्हणाले.